बिलाची पावती वाचता येईल अशी द्या

कोल्हापूरच्या माणसाला पैसा टिकवता येत नाही, हे वाक्य मी सगळ्यात जास्त कोल्हापुरातच ऐकलं आहे. डिसेंबर-जानेवारीत साखर कारखान्यांकडून उसाची बिलं जमा व्हायला लागली की शोरूमच्या दारात नव्या गाड्यांना हार पडतात, सराफांच्या गुजरीत पाय ठेवायला जागा नसते. मग बँकेत नोकरी करणारा एखादा पाहुणा मान हलवून म्हणतो, "ह्यांना हिशेबच नाही हो." पाहुण्याचं निम्मं खरं असतं. हिशेब नसतो हे कबूल. तो का नसतो, याचं जे कारण तो गृहीत धरतो, म्हणजे उधळा स्वभाव, ते मात्र मला पटत नाही.

पटत नाही, कारण त्याच घरात दुसरा एक पैसा येतो आणि तो चांगला टिकतो. दुधाचा. करवीर, कागल, पन्हाळा, भुदरगड, कुठल्याही तालुक्यातल्या गावात बघा. दूध संस्थेचं बिल दहा दिवसांनी निघतं. त्यात किराणा बसतो, गॅस बसतो, पोराचा एसटीचा पास बसतो, भिशीचा हप्ता बसतो आणि वर डब्यात दोनशे रुपये राहतात. हा कारभार बहुतेक घरांत बाईच्या हातात असतो. तिनं बजेट हा शब्द वापरलेला नसेल, पण पेंडीचे पैसे कापून किती उरणार हे तिला बिल निघायच्या आधी दोन दिवस तोंडपाठ असतं. (संस्थेतलं खातं मात्र अजून पुष्कळ ठिकाणी नवऱ्याच्या नावावर असतं. शेण तिनं काढायचं, धारा तिनं काढायच्या आणि सभासद तो. हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण घराच्या आर्थिक शिक्षणाबद्दल बोलताना तो टाळताही येत नाही.)

घर तेच, माणसं तीच. दुधाच्या पैशात काटकसर आणि उसाच्या पैशात सैल हात, हे स्वभावानं होत नाही. पैसा किती मोठा येतो आणि किती दिवसांनी येतो, यावर ते ठरतं. दहा दिवसांनी येणाऱ्या तीन हजारांना कामं आधीच लागलेली असतात. वर्षानं किंवा सव्वा वर्षानं येणारे दीड-दोन लाख एकदम खात्यात पडले की आपल्याकडे मोकळा पैसा आहे असं वाटायला लागतं. तो मोकळा नसतो.

आकडे मांडून बघू. दोन एकर ऊस, एकरी चाळीस टन, म्हणजे ऐंशी टन. तोडणी-ओढणी वजा जाऊन टनाला ३,२०० रुपये हातात पडले असं धरू. दोन लाख छप्पन्न हजार झाले. त्यातून गावच्या सेवा सोसायटीचं पीक कर्ज एक लाख वीस हजार वळतं झालं. उरले एक लाख छत्तीस हजार. ऐकायला बरी रक्कम आहे. पण ऊस आडसाली असेल तर लागणीपासून तोडणीपर्यंत निदान पंधरा-सोळा महिने जातात. पंधरानं भागलं तर महिन्याला नऊ हजारांच्या आसपास येतात, आणि त्यात कर्जात न बसलेली मजुरी अजून धरलेलीच नाही. ज्या माणसाला "तुझा पगार नऊ हजार आहे" असं सांगितलं तर तो मोटारसायकलीच्या दुकानाकडे बघणारही नाही, त्यालाच एक लाख छत्तीस हजार एकरकमी दिले की तो सकाळी दुकानात जाऊन उभा राहतो. तुम्ही-मीही हेच करू. नोकरदाराला दिवाळीचा बोनस मिळतो तेव्हा तो काय करतो, ते आठवून बघावं.

म्हणूनच आर्थिक साक्षरतेच्या नावाखाली गावोगावी जे कार्यक्रम होतात, त्यांचा मला राग येतो. वक्ता शहरातून येतो आणि पडद्यावर चित्र दाखवतो: पगाराचे निम्मे गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला. समोर बसलेल्या शंभर माणसांत महिन्याचा पगार घेणारे पाच-सहा असतात. बाकीच्यांत ऊसवाले आहेत, शिरोलीच्या फौंड्रीत कंत्राटदाराच्या हाताखाली राबणारी पोरं आहेत, हुपरीत चांदीची कामं घेणारे आहेत, इचलकरंजीत मागावर जाणारे आहेत. मागवाल्याची मजुरी विणलेल्या कापडावर ठरते. वीज गेली किंवा सुताचा भाव चढला की ती खाली येते. यातल्या कुणाचा वीस टक्के काढायचा? कार्यक्रम संपताना वक्ता एसआयपीचा (म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक रक्कम घालायच्या योजनेचा) फॉर्म किंवा विम्याची पॉलिसी पुढं करतो, तेव्हा तो कशासाठी आला होता ते कळतं. एसआयपी वाईट नाही. वीस वर्षं न मोडता चालवता आली तर साध्या माणसाला संपत्ती जमवायचा तो बरा रस्ता आहे. पण ज्याच्या डोक्यावर शेकडा तीनचं खासगी कर्ज आहे, त्याला एसआयपी विकणं ही फसवणूकच आहे. महिन्याला शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. कुठलाही फंड दरसाल छत्तीस टक्के देणार नाही. आधी ते कर्ज फेडणं हीच त्याची सगळ्यात मोठी कमाई आहे.

कर्जाचं थोडं सविस्तर बोलायला पाहिजे, कारण इथंच खरी गळती आहे. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं तर केंद्राची आणि राज्याची व्याज सवलत मिळून शेतकऱ्याला ते शून्य टक्क्यानं पडतं. इतका स्वस्त पैसा सहसा कुणाला मिळत नाही. पण तारीख चुकली की सवलत गेली. मग ३० जूनच्या आत काय चालतं, ते कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा. 'नवं-जुनं' चालतं. बिल अडकलेलं असतं किंवा आधीच खर्चलेलं असतं. म्हणून कुणाकडून तरी चार-आठ दिवसांसाठी पैसे उचलायचे, जुनं कर्ज भरायचं, नवं मंजूर झालं की उचललेले परत करायचे. आठ दिवसांचे दोन टक्के द्यायचे. कागदावर कर्ज शून्य टक्क्याचं, आणि दर वर्षी त्यावर दोन-तीन हजार सावकाराला. ही रक्कम कुठल्याही पासबुकात दिसत नाही, म्हणून ती खर्च वाटत नाही. परवान्याशिवाय सावकारी करणं २०१४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. तक्रार कुणी करत नाही, कारण पुढच्या जूनमध्ये दार त्याचंच वाजवायचं असतं.

दुसरी गळती व्याजाच्या भाषेत आहे. दुकानदार किंवा फायनान्सवाला सांगतो, "फक्त बारा टक्के." एक लाख घ्या, वर्षभराचे बारा हजार व्याज, बारा हप्ते, महिन्याला ९,३३३. सरळ वाटतं. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं आणि व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या लाखावरच धरलेलं असतं. घटत्या शिल्लकेवर मांडलं तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या जवळ जातो. आठवीच्या गणितात चक्रवाढ व्याज येतं, हे उदाहरण का येत नाही हे मला कळलेलं नाही. पोरगं शाळेतून बाहेर पडल्यावर पहिल्या पाच वर्षांत मोबाइल किंवा गाडी हप्त्यावर घेणार, हे नक्की असतं. त्याला विचारायला लावायचा प्रश्न एकच आहे: व्याज फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत पहिल्या रकमेवर, की घटत्या शिल्लकेवर?

सोन्याबद्दल शहाणे लोक नाक मुरडतात, तिथं मी गावाच्या बाजूनं आहे. रात्री अकरा वाजता कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं तर दुसऱ्या दिवशी उपयोगी पडेल अशी मालमत्ता म्हणजे घरातलं सोनं. सकाळी बँक उघडली की गहाण ठेवून पैसे हातात येतात, आणि ते व्याज खासगी सावकाराच्या निम्म्याहून कमी असतं. एवढंच, की दागिन्यात घडणावळ आणि जीएसटी जातो आणि मोडताना घट धरली जाते. हौस म्हणून दागिना घ्यावा, पण ती गुंतवणूक म्हणून मोजू नये.

आता पैसा ठेवायचा कुठं. या जिल्ह्यात सहकार इतका मुरलेला आहे की 'आपली संस्था' म्हटलं की माणूस पावती न वाचता सही करतो. ओळखीचा चेअरमन, गावातली शाखा, रोजची बचत गोळा करायला दारात येणारा पिग्मी एजंट, आणि अर्धा-एक टक्का जास्त व्याज. पतसंस्थांनी सामान्य माणसाला उभं केलं हे खरंच आहे. राष्ट्रीयीकृत बँकेच्या काउंटरवर ज्याला कुणी बसा म्हटलं नाही, त्याला त्यांनी चहा पाजून कर्ज दिलं. तरीही एक फरक प्रत्येकाला माहीत असलाच पाहिजे. बँकेतल्या ठेवीला, मग ती जिल्हा बँक असो की नागरी सहकारी बँक, ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत व्याजासह ५ लाखांची आहे, त्याआधी ती एक लाख होती. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. संस्था बुडाली तर प्रशासक, संस्था गुंडाळणारा अवसायक, कर्जवसुली आणि वर्षानुवर्षं चपला झिजवणं. निवृत्तीचे बारा लाख एका पतसंस्थेत एका पावतीवर ठेवलेला माणूस पाहिला की माझ्या पोटात गोळा येतो. तेच बारा लाख तीन बँकांत चार-चार ठेवले असते तर रात्रीची झोप लागली असती.

पतसंस्थेच्याही पलीकडे जाऊन 'महिन्याला दहा टक्के' वाले आहेत. हॉटेलात मेळावा, स्टेजवर दुबईचे फोटो, आधी पैसे घातलेल्या एखाद्या गुरुजींचं भाषण. या मेळाव्यांत मास्तर, पोलीस, निवृत्त फौजी, डॉक्टर सगळे सापडतात. तेव्हा अडाणीपणाला बोल लावून उपयोग नाही. यांना एकच गणित करून दाखवायला पाहिजे. महिन्याला दहा टक्के चक्रवाढीनं चालले तर वर्षात एक लाखाचे तीन लाख चौदा हजार होतात आणि पाच वर्षांत तीन कोटींच्या वर जातात. ज्याला हे जमतं तो तुमच्या लाखासाठी हॉटेलचं भाडं कशाला भरेल? ठेवीदारांच्या हितासाठी राज्याचा १९९९ चा कायदा आहे, बेकायदा ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा २०१९ चा कायदा आहे. दोन्ही कामाला लागतात ते पैसे गेल्यावर. मालमत्ता जप्त होते, लिलाव होतो आणि ठेवीदाराच्या हातात काही पडायच्या आत त्याच्या मुलीचं लग्न कर्ज काढून झालेलं असतं.

अडीअडचणीसाठी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, असं प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं असतं. आपल्याकडे या सल्ल्याला एक जोड लागते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोळ, हातकणंगले, करवीरच्या नदीकाठच्या गावांनी काय भोगलं ते सांगायची गरज नाही. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांवर गेलं की धोका पातळी. त्यानंतर रस्ते बंद, वीज बंद, म्हणजे एटीएमही बंद. मोबाइलवरून पैसे द्यायचे तर आधी मोबाइल चार्ज पाहिजे. म्हणून पावसाळ्याचे तीन महिने काठावरच्या घरात पंधरा दिवसांचा खर्च रोख असावा आणि जनावरांच्या चाऱ्याचे पैसे त्यात वेगळे धरावेत. कागदपत्रांची पिशवी माळ्यावर ठेवतो तशी ही रक्कम. विम्याचं थोडक्यात सांगता येईल: वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा सरकारी योजनांतून बँकेत मिळतो. ज्या घरात हे दोन्ही नाहीत, तिथं एंडोमेंट (विमा आणि बचत एकत्र) पॉलिसी विकायला येणाऱ्या भावकीतल्या एजंटाला चहा देऊन परत पाठवावं.

हे सगळं घरानं करायचं. पण घरानं हिशेब मांडायचा म्हणजे आधी हिशेब हातात यायला पाहिजे, आणि माझं खरं म्हणणं इथं सुरू होतं. ऊस बिलाची पावती कधी नीट बघितली आहे का? गट नंबर, उसाची जात (को ८६०३२), लागण की खोडवा (तोडलेल्या बुंध्यातून पुन्हा फुटलेला ऊस), खेपा, वजन, दर. इथवर समजतं. त्याखाली कपातीची रांग असते: सोसायटी, पाणीपुरवठा संस्था, शेअर, ठेव, साखर, आणखी दोन-तीन आद्याक्षरं, ज्यांचा अर्थ कारखान्याच्या चिटबॉयलाही (शेतावर उसाची नोंद ठेवणाऱ्या कर्मचाऱ्यालाही) विचारून सांगावा लागतो. ठेव परतीची की बिनपरतीची, व्याज किती, परत कधी, हे त्या कागदावर नसतं. दूध संस्थेच्या बिलात पेंड, औषध, ॲडव्हान्स असतो. दिवाळीला दर फरक (वर्षभराच्या दुधावरची जादा रक्कम) येतो, तो कशाच्या आधारे किती, हे फार कमी सभासद सांगू शकतील. सोसायटीकडे तिसरी वही, जिल्हा बँकेकडे चौथी. एका घराचा वर्षाचा व्यवहार चार ठिकाणी विखुरलेला आणि चारही ठिकाणी दुसऱ्याच्या अक्षरात. ज्या माणसाचा जवळजवळ प्रत्येक रुपया संस्थांच्या वहीतून जातो, त्याला हिशेब नाही म्हणून हसायचा अधिकार निदान त्या संस्थांना नाही.

मागणी साधी आहे. नोकरदाराला वर्षाच्या शेवटी पगार आणि कापलेला कर दाखवणारा फॉर्म सोळा मिळतो, तसा प्रत्येक सभासदाला कारखान्यानं आणि दूध संस्थेनं वर्षाचा एक कागद द्यावा. मराठीत, मोठ्या अक्षरात. किती टन गेला, कुठल्या दिवशी पैसे द्यायचे होते आणि कुठल्या दिवशी दिले, कुठल्या नावाखाली किती कापले, त्यातलं परत येणारं किती. तारखांचा रकाना मी मुद्दाम मागतो आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. राज्य सरकारनं २०२२ मध्ये एफआरपी (केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर) दोन टप्प्यांत द्यायची मुभा दिली होती, ती मुंबई उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये रद्द केली. उशिराचं व्याज मागायचं तर आधी किती दिवस उशीर झाला ते माहीत पाहिजे.

इथं कुणी मला कोंडीत पकडेल. एकरकमी पैसा आला की तो उडतो असं वर म्हणालात, मग टप्प्यांत मिळाला तर बरंच की! नाही. बिनव्याजी हप्त्यानं घेतलेलं बिल म्हणजे शेतकऱ्यानं कारखान्याला दिलेलं फुकट कर्ज. शेतकरी संघटनेच्या जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत एकरकमीची मागणी दर वर्षी होते ती रास्तच आहे. पैसे एकरकमी घ्यावेत आणि हप्ते आपणच आपल्याला पाडून द्यावेत. बिल जमा झालेल्या आठवड्यात आधी देणी, मग जूनची फी आणि पुढच्या लागणीचा खर्च, आणि उरलेल्याच्या तीन, सहा, नऊ, बारा महिन्यांच्या मुदत ठेवी. चालू तिमाहीचं घरखर्चाच्या खात्यावर, शक्यतो बाईच्या नावावर. 'लाडकी बहीण' मुळं २०२४ पासून पुष्कळ घरांत तिच्या नावाचं वापरातलं बँक खातं आहेच. गाडी घ्यायचीच असेल तर ती बाराव्या महिन्याच्या ठेवीतून घ्यावी. तेव्हाही घ्यावीशी वाटली तर बेलाशक घ्यावी, हौसेला मोल नसतं हे आपल्याकडे कुणी शिकवायला नको.

संस्थांचे कारभारी म्हणतील, छपाईचा खर्च कोण करणार. काट्यावर वजन झाल्याचा मेसेज आज बहुतेकांच्या मोबाइलवर जातो, सभासदांच्या याद्या निवडणुकीच्या आधी नाव-पत्त्यासह तयार असतात, आणि वार्षिक अहवालाच्या गुळगुळीत कागदावर संचालक मंडळाचे रंगीत फोटो छापून घरोघरी येतातच. त्या अहवालातली चार पानं कमी केली तर सभासदाचं एक पान निघतं. सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेत माईक ओढण्यावरून आणि 'मंजूर मंजूर'च्या घोषणांवरून गोंधळ होतो. त्याच सभेत विषयपत्रिकेवरचा एक विषय म्हणून हे पान मागता येतं. त्यासाठी उपविधीत (संस्थेच्या नियमांत) दुरुस्ती लागत नाही, ठराव पुरतो.